निमरच्या बनातलं पाणी

आज तेलाकडे बघायचं नाही.

तेलाकडे बघणारे पुष्कळ आहेत. त्याचा भाव रोज पेपरात येतो, त्याच्या पायी जहाजं अडतात, सरकारं हलतात. आपण थोडा वेळ त्याच्या सोबत्याकडे बघू. तेलाबरोबर जमिनीतून वर येणाऱ्या, कुणी न बोलावलेल्या पाण्याकडे.

जिथे असाल तिथे बसा. खुर्ची चालेल, सतरंजी चालेल, एसटीतली खिडकीची जागाही चालेल. पाठ ताठच हवी असं नाही. खांदे मात्र सैल सोडा.

श्वास मोजू नका. येतो आहे, येऊ द्या. जातो आहे, जाऊ द्या.

आता डोळ्यांपुढे सपाट जमीन आणा.

अगदी सपाट. डोंगर नाही, झाड नाही. खडी पसरलेली, फिकट तपकिरी. वरून ऊन. वारा जमिनीलगत वाहतो आहे आणि त्याच्या वाटेत काहीच नाही, म्हणून तो जवळजवळ मुका आहे.

हे ओमान. मस्कतपासून नैर्ऋत्येला सुमारे 700 किलोमीटर. जागेचं नाव निमर.

साधारण पुण्याचाच अक्षांश. इथून नाकासमोर पूर्वेला निघालात आणि समुद्र ओलांडलात, तर पाय कोकणात कुठेतरी टेकतील.

जूनमध्ये हाच समुद्र आपल्याकडे ढग पाठवतो. तिकडे दक्षिणेला, सलालाच्या डोंगरांवर, त्यातली बारीक भुरभुर पडते. निमरपर्यंत काही पोचत नाही.

म्हणजे इथे वरून पाणी येत नाही. ही गोष्ट जरा मनात धरून ठेवा.

वरून पाणी नाही.

आता खाली जाऊ.

सावकाश. खडीखाली वाळू. वाळूखाली दगड. दगडाखाली जुना दगड, त्याखाली आणखी जुना.

इथे अंधार आहे. ऊब आहे. आवाज नाही.

भुयार किंवा तळं मनात आणू नका. खाली तसं काही नाही. वाळूचा दगड आहे, घट्ट बसलेला, आणि त्याच्या कणाकणांमध्ये बारीक फटी. त्या फटींत तेल आहे. त्याच फटींत पाणीही आहे. दोघं शेजारी शेजारी राहतात, मिसळत नाहीत.

दक्षिण ओमानातलं तेल फार जुनं. ज्या गाळातून ते झालं, तो सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीचा, काही ठिकाणी त्याहूनही आधीचा. तेव्हा जमिनीवर एकही झाड नव्हतं. गवताची काडी नव्हती. मूळ नावाची गोष्टच अजून जगात आलेली नव्हती.

समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते. ते जगले, मेले, तळाशी बसले. त्यांच्यावर गाळ चढत गेला.

त्या चिमुकल्या शरीरांचं तेल झालं.

इथे थोडं थांबा. घाई करण्यासारखं खाली काही नाही.

वर पंप चालू आहे.

लोखंडाची लांब मान खाली जाते, वर येते. खाली. वर. तिची लय तुमच्या श्वासाहून संथ असेल किंवा जलद, जुळवायला जाऊ नका. नुसती बघा.

दगडाच्या फटींतलं तेल हलतं. निमरचं तेल जाड आहे, चिकट आहे, त्याला चालायचा कंटाळा. शेजारचं पाणी पातळ. वाट मिळाली की पाणी आधी पोचतं. तेल मागून, रमतगमत.

म्हणून विहिरीतून जे वर येतं, त्यात पाणीच जास्त.

किती जास्त, ते श्वासांनी बघू.

एक श्वास घ्या. हे एक पिंप तेल.

आता पुढचा श्वास. पाणी.

पुढचा. पाणी.

पुन्हा. पाणी.

घेत राहा. पाणी. पाणी. पाणी.

असे नऊ किंवा दहा श्वास झाले, की मग एकदा तेल. ओमानच्या जुन्या तेलक्षेत्रांत आज साधारण हे प्रमाण आहे. एका पिंपामागे नऊ-दहा पिंपं पाणी.

त्याला तेलविहीर म्हणतात. म्हणोत.

जगभरातल्या बहुतेक विहिरींचं वय वाढलं की असंच होतं. तेल आटत जातं, पाणी वाढत जातं. विहीर म्हातारी झाली की ती अधिकाधिक पाण्याचीच होते.

पाण्याकडे बघा आता. काचेच्या बरणीत घेतलंय असं समजा.

ते कोमट आहे. गढूळ आहे. वर तेलाची पातळ साय, इंद्रधनुष्यी. वास रॉकेलच्या जवळचा, पण अगदी तसा नाही.

चाखू नका. खारट आहे. समुद्राहून बरंच कमी खारं, तरी तहान भागवणारं नव्हे.

हे पाणी युगं न् युगं दगडात होतं. त्यानं आकाश पाहिलं होतं का, कधी पाहिलं होतं, ते सोडून द्या. आत्ता ते उन्हात आलंय, आणि कुणालाही ते नको आहे.

या नकोशा पाण्याजवळ बसा.

नाक मुरडलं असेल तर मुरडू द्या. थोड्या वेळानं नाक आपोआप सरळ होतं.

नको असलेल्या पाण्याचं काय करतात?

एक रीत सोपी: जिथून आलं तिथे परत दाबायचं. खोल विहिरीत, जोराच्या पंपांनी. निमरमध्ये बरीच वर्षं तेच चाललं होतं. पाणी वर काढायला वीज, खाली ढकलायला पुन्हा वीज. वर्षानुवर्षं, रात्रंदिवस.

पाणी परत दाबणं नेहमी वायाच जातं असं नाही. विहिरीचा दाब टिकवायला ते कामी येतं. आपल्या मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रात साधारण 160 किलोमीटरवर, मुंबई हाय आहे. 1974 साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगनं तिथे तेल शोधलं. तिथे खालच्या चुनखडीचा दाब उतरू नये म्हणून समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून, खाली सोडतात. गिरगाव चौपाटीवर भेळ खाताना समोरच्या क्षितिजापलीकडे हे चाललेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. असो. तो समुद्र आहे, तिथलं मनन वेगळं. आपण वाळवंटात परत येऊ.

निमरमध्ये 2010-11 च्या सुमारास दुसरी वाट सुरू झाली.

ही वाट बघायची आहे. खरं तर आज एवढंच बघायचं आहे.

पाणी पाइपातून येतं. येताना त्याला आधी गोल फिरवतात. उभ्या, निमुळत्या भांड्यात ते जोरानं गरगरतं. रवीनं ताक घुसळताना लोणी वेगळं व्हावं, तसं हलकं तेल मधोमध गोळा होतं आणि जड पाणी कडेला जातं. तेल इकडे काढून घेतलं. पाणी तिकडे सोडलं.

त्या पाण्यात अजून थोडं तेल उरतंच. लोण्यासारखं ते सगळं हाती येत नाही. थेंबांचेही थेंब होऊन ते पाण्यात लपून राहतं.

इथून पुढे यंत्राचं काम संपलं.

आवाज मागे पडतो आहे. ऐका. पंपाची घरघर लांब जाते. आणखी लांब.

आणि समोर हिरवं दिसतं.

डोळे या हिरव्याला सरावू द्या. एवढा वेळ तपकिरी बघितल्यावर हिरवं डोळ्यांना जरा बोचतं.

हे नळाचं बन आहे. आपल्या ओढ्याकाठी, तळ्याकाठी उगवतो तो देवनळ याच कुळातला. उंच, माणसाच्या डोक्यावरून जाणारा, कांड्याकांड्यांचा, वर तुरा. जुन्या दप्तरांतली मोडी ज्यानं लिहिली, तो बोरू अशाच पोकळ कांडीला तासून करत.

इथे हा नळ कुणी आपोआप उगवला म्हणून राहू दिलेला नाही. वाफे आखून लावलाय. मोठमोठे वाफे, एकाखाली एक, उताराला लागून. तळाशी मातीचा घट्ट थर दाबून बसवलाय, पाणी खाली मुरून जमिनीतलं चांगलं पाणी नासू नये म्हणून. सगळे मिळून साडेतीनशे हेक्टरांच्या वर.

वाळवंटाच्या मधोमध, वरून पाऊस नसताना, साडेतीनशे हेक्टर हिरवं.

पण एवढं मोठं बघायची गरज नाही. एवढं मोठं बघता येतही नाही.

एक नळ निवडा.

कुठलाही. कडेचा घ्या, म्हणजे सोपं जाईल.

त्याच्याजवळ बसा.

पाणी त्याच्या पायाशी आलंय. ते धावत नाही. वाफ्याच्या एका कडेनं शिरतं आणि दुसऱ्या कडेपर्यंत जायला त्याला वेळ लागतो. कांड्यांच्या मधून, वळसे घेत, थबकत. एका वाफ्यातून खालच्या वाफ्यात. तिथून आणखी खालच्या. पूर्ण बन ओलांडायला दिवस जातात.

त्याला ढकलणारा पंप इथे नाही. जमीन किंचित उतरती आहे. तेवढं पुरतं.

ओमानी लोकांना उताराचं हे शहाणपण नवं नाही. त्यांच्याकडे फलज आहेत. डोंगराच्या पोटातलं किंवा झऱ्याचं पाणी, कोस कोस, निव्वळ उतारानं गावात आणणारे पाट. असे सुमारे तीन हजार फलज आजही वाहतात. त्यांतले पाच 2006 साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतले. निझव्याजवळचा फलज दारिस त्यांतलाच.

फलजाचं पाणी गावात शिरताना पहिलं ठिकाण पिण्याचं. तिथे कुणी कपडे धुवायचे नाहीत. मग मशिदीत हातपाय धुण्याचं, मग न्हाणीचं, मग खजुराच्या बागांचं. बागांना पाळी असते. दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून कुणाची पाळी कधी संपली ते ठरायचं.

ताऱ्याकडे बघून पाट वळवणारा माणूस. क्षणभर त्याच्या शेजारी उभे राहा. अंधार, ओल्या मातीचा वास, वर आभाळ भरून तारे.

बरं. आपल्या नळाकडे परत.

आता कान द्या.

वारा इथे मुका नाही. पानांवर पान घासतं. सळसळ म्हणतो आपण, पण नीट ऐकलं तर त्यात बरेच आवाज आहेत. कोरडं पान वेगळं वाजतं. ओलं वेगळं. तुरे सगळ्यांत हळू.

ऐकत राहा.

ऐकताना कांडीवर बोट ठेवा. गुळगुळीत आहे, थंड आहे. आतून पोकळ.

या पोकळीतच गंमत आहे.

नळाची मुळं चिखलात, पाण्याखाली असतात. तिथे हवा नाही. मुळांना मात्र हवा लागते. मग नळ ती वरून खाली नेतो. पानांतून, हिरव्या कांडीतून हवा आत येते, पोकळीतून उतरते, चिखलातल्या आडव्या खोडापर्यंत जाते.

आणि बाहेर?

बाहेर पडायला तिला वाट देतात जुन्या, मोडलेल्या कांड्या. गेल्या सालच्या, वाळलेल्या, तुरा झडलेल्या. त्यांची तोंडं उघडी असतात. हिरव्या कांडीतून आत गेलेला वारा चिखलाखालून फिरून या मोडक्या कांडीतून वर येतो.

हिरवी कांडी श्वास घेते. मोडकी कांडी सोडते.

तुम्हीही घ्या. हिरव्या कांडीतून आत.

खाली जाऊ द्या. छातीखाली, पोटाखाली, चिखलापर्यंत.

मोडक्या कांडीतून बाहेर.

पुन्हा. आत, हिरवी.

खाली.

बाहेर, मोडकी.

कुणी बन स्वच्छ दिसावं म्हणून वाळक्या कांड्या सरसकट उपटून काढल्या, तर त्या श्वासाची एक बाजू बंद होईल. माळ्याचा हात शिवशिवतो अशा वेळी. माझाही शिवशिवला असता.

आणखी थोडे श्वास घ्या. मी मध्ये बोलत नाही.

आता खाली, मुळांपाशी.

मुळांच्या भोवती हवेचा एक पातळ पदर आहे. चिखलात, अंधारात, मुळाच्या कातडीला लागून. नळ स्वतःसाठी हवा आणतो, त्यातली थोडी बाहेर झिरपते.

त्या झिरपलेल्या हवेत जीव राहतात.

डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे. मुळांवर, कांडीच्या पाण्यातल्या भागावर, गळून पडलेल्या पानांवर त्यांचा बुळबुळीत थर असतो. हात लावलात तर निसरडं लागेल. लावा हात. किळस वाटली तर वाटू द्या.

हे जीव तेल खातात.

पाण्यात लपलेला तेलाचा कण त्यांच्यापाशी येतो. ते तो फोडतात. त्यातून जगण्यापुरतं घेतात, उरलेलं वायू आणि पाणी होऊन निघून जातं.

तेल शुद्ध करणारा नळ, असं लोक म्हणतात. नळ खरं तर घर देतो आणि हवा देतो. जेवणारे वेगळेच आहेत.

आणि काय जेवताहेत, ते आठवा.

54 कोटी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेले, न दिसणारे जीव. त्यांचं तेल झालं. आज तितकेच न दिसणारे दुसरे जीव ते खाताहेत, ज्या मुळाच्या आधारानं खाताहेत ते मूळ तेव्हा जगात नव्हतं.

याच्यावर विचार करू नका. विचार केला की हे निसटतं. नुसतं त्या बुळबुळीत थराला बोट लावून बसा.

बसा.

पाणी अजून चालतंच आहे.

पहिल्या वाफ्यात ते काळपट होतं. इथल्या कांड्यांच्या बुडाशी तेलाची काळी कड दिसते. दुसऱ्यात कड पुसट. पुढच्या वाफ्यात कांड्या स्वच्छ. हे पुढे पुढे सरकत बघा, पण पाण्याच्या चालीनं. पाण्याच्या पुढे जाऊ नका.

येताना दर लिटरमागे काही शे मिलिग्रॅम तेल होतं. बन ओलांडून निघताना ते अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली आलेलं असतं.

किती पाणी? सुरुवातीला कमी होतं, मग वाफे वाढवत नेले. 2019 च्या सुमारास झालेल्या वाढीनंतर दिवसाला 1,75,000 घनमीटर पाणी घेण्याइतकं हे बन झालं. साडेसतरा कोटी लिटर. रोज.

आकडा ऐकला. आता सोडून द्या. तुमच्या नळाच्या पायाशी जेवढं आहे तेवढंच पाणी.

त्यात काहीतरी हललं.

हळू मान वळवा.

शेकाट्या. काळी पाठ, पांढरं पोट, आणि शरीराला न शोभणारे लांब गुलाबी पाय. एक पाय उचलतो, थांबतो, मग ठेवतो. त्याची चाल बघत राहावी अशी आहे. पाण्यावर तरंगसुद्धा फार उठत नाही.

लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी. आपल्याकडे शिवडीच्या खाडीत, ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात येतात, तसेच. इथे त्यांना येताना कुणी बोलावलं नव्हतं. आशिया आणि आफ्रिका यांच्यामध्ये जाणाऱ्या पाखरांना वाळवंटात वरून हिरवं दिसलं, ती उतरली. आजवर शंभराहून जास्त जातींची पाखरं इथे नोंदली गेली आहेत.

बोलावलेलं नसताना आलेलं पाणी. बोलावलेलं नसताना आलेली पाखरं.

शेकाट्या आणखी एक पाऊल टाकतो. तुम्ही श्वास सोडा.

इथे मनात एक टोचणी उठते. उठू द्या.

हे बन तेलावर उभं आहे. विहिरी चालू आहेत म्हणून पाणी आहे, पाणी आहे म्हणून नळ आहे. आपण इथे शांत बसलोय आणि पलीकडे तेच तेल पिंपांत भरून जाळायला निघालंय. एवढं सुंदर बन दाखवून उपशावर पांघरूण घालता येतं, हेही खरं. कंपन्यांच्या गुळगुळीत पुस्तिकांत रोहित पक्ष्यांचे फोटो का असतात, ते आपल्याला कळतं.

टोचणी खरी आहे. तिला उत्तर द्यायला आज बसलेलो नाही. तिला शेजारी बसू द्या. जागा आहे.

शेकाट्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याला चिखलातल्या अळ्या मिळताहेत.

पुन्हा श्वास. आत, हिरवी.

बाहेर, मोडकी.

बन संपत आलं.

पाण्याबरोबर शेवटच्या वाफ्याच्या कडेला या. इथे पाणी पारदर्शक आहे. तळ दिसतो. तेलाचा वास गेला.

मीठ मात्र गेलेलं नाही.

हे नीट बघायला हवं. सगळं बघितलं आणि हे टाळलं, असं नको. मुळांपाशी राहणारे जीव तेल खातात, मीठ खात नाहीत. उलट वाटेत उन्हानं थोडं पाणी उडून गेलेलं असतं, नळानंही पानांतून बरंच पाणी हवेत सोडलेलं असतं. मीठ तेवढंच, पाणी कमी. म्हणून बाहेर पडणारं पाणी आत आलेल्याहून जास्तच खारं.

जीभ लावून बघितलीत तर कळेल. यावेळी लावा.

खारट.

यातून गहू येणार नाही, भाजी येणार नाही. खाऱ्या पाण्यावर तगणारी रोपं तिथे लावून बघितली गेली आहेत. थोडं पाणी असं पुन्हा वापरात येतं. बाकीचं, म्हणजे खरं तर बहुतेक सगळं, पुढच्या उथळ तळ्यांत जातं आणि तिथे ऊन त्याला उचलून नेतं. पुनर्वापर हा शब्द कागदावर भरघोस दिसतो. इथे उभं राहिलं की तो जरा आखडतो. जी गोष्ट खरोखर वाचली ती वेगळी आहे. खाली दाबायला लागणारी वीज वाचली, आणि गरगरणाऱ्या भांड्यांतून थोडं अधिक तेल हाती आलं.

तळ्यांजवळ बसा.

ही तळी उथळ आहेत, पसरट. एकापुढे एक. इथे सावली नाही. नळाची सळसळ मागे राहिली.

पाणी वाहत नाही आता. त्याला कुठे जायचंच नाही. फक्त वर.

पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. उडून जाणारं पाणी दिसत नाही. दिसतं एवढंच, की काठ रोज थोडा आत सरकतो. काल ओली होती ती माती आज कोरडी. तिच्यावर पांढरी रेघ. परवाची रेघ तिच्या बाहेर. तिच्या बाहेर आणखी जुनी.

बोटानं रेघ उकरा. कडक आहे. मोडताना बारीक आवाज करते.

दगडातून निघालेलं पाणी हवेत गेलं. ते कुठे जाईल, कुठे पडेल, ते तुमच्या-माझ्या हातात नाही. दगडातून निघालेलं मीठ इथे बसलं.

उन्हाचा चटका चेहऱ्यावर जाणवू द्या. मिठाचा पांढरेपणा डोळ्यांना सोसेल एवढाच वेळ बघा.

मग नजर उचला.

एका बाजूला मीठ. मागे बन. त्याच्या मागे, उंचावर, लोखंडाची मान अजून वरखाली होते आहे.

एक प्रश्न आहे, तो मांडून ठेवतो. कुठलीही विहीर कायमची चालत नाही. कधीतरी तेल इतकं कमी होईल की मान थांबवतील. मग पाणी थांबेल. वाफे कोरडे पडायला लागतील, वरच्या टप्प्यापासून.

तेव्हा त्या नळाचं काय करायचं? तेव्हा शेकाट्यानं कुठे उतरायचं? ज्यांनी वाफे आखले ते पाखरांचं काही देणं लागतात का, की पाखरं आपल्या जबाबदारीवर आली?

मला वाटतं, देणं लागतात. पण माझं वाटणं बाजूला ठेवा. स्वतःशी विचारा, आणि उत्तर पटकन आलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

थोडा वेळ अजून बसा.

आत.

बाहेर.

आता बोटं हलवा. पाय आखडले असतील, लांब करा. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. तहान लागली असेल तर उठून पाणी प्या. गोडं असेल.